पदवीच्या मापाची फ्रेम

३ जून
दोन्हीकडून होकार! मोठ्या विद्यापीठाचं पत्र सकाळी, इथल्या विद्यापीठाचं दुपारी. इथं फी माफ. तिथली चार वर्षांची फी वाचून बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. आकडा तोच होता.

४ जून
बाबांनी दुकानात एक रिकामी फ्रेम टांगली. सोनेरी पट्टी, जुन्या साठ्यातली, असली आता बाजारात येतच नाही. माप मोठ्या विद्यापीठाच्या पदवीचं! तीस वर्षं लोकांच्या पदव्या मढवल्यात त्यांनी, ते माप झोपेतही सांगतील. एका गिऱ्हाइकानं विचारलं, यात काय लावणार? बाबा म्हणाले, "हिची पदवी." अजून मी कुठं जाणार तेच ठरलं नाही – बाजारात तुरी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ जून
मामा आले. मोठ्या विद्यापीठाचे पदवीधर – हे ते स्वतःच दर दहा मिनिटांनी सांगतात. "नावाला किंमत असते गं. आमच्या वेळी नाही का घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं? पैशांचं होतं कसंतरी." कसंतरी म्हणजे कसं? यांचं काय जातंय, बसल्या जागी उंटावरून शेळ्या हाकायला!

आई आतल्या टेबलावर माउंट कापत होती. मान वर केली नाही तिनं. मामा गेल्यावर एवढंच म्हणाली, "तुझं तू ठरव." हीपण कमालच आहे. घरात रान पेटलंय आणि ही पुठ्ठे कापतेय.

८ जून
कळलं, कसंतरी म्हणजे कसं. बाबा पट्टी कापायचं मशीन विकायला निघालेत. कोपऱ्यावरचा सुतार येऊन बघूनही गेला. मी आरडाओरडा केला तर म्हणतात, "हातकरवतीनं कापेन. पूर्वी कापतच होतो." पूर्वी! तेव्हा खांदे तिशीतले होते. आता शर्ट काढताना कळवळतात.

मला जायचंय. या वहीत लिहायला काय हरकत आहे – मला तिथंच जायचंय. तिथल्या प्रयोगशाळेचे फोटो बघून बघून पाठ झालेत. पण बाबांच्या खांद्यांवर बसून नाही जायचं. आणि हे मी सोडून कुणाच्याच डोक्यात शिरत नाही.

९ जून
कुणाशी बोलले नाही. जेवले मात्र.

१२ जून
कळवायची मुदत पंधरापर्यंत. बाबांना सांगून टाकलं, मी इथंच शिकणार, सुताराला नाही म्हणा. त्यांनी विचारलं काय, तर "मग फ्रेमचं काय?"

फ्रेमचं! म्हटलं, कापून लहान करा, इथली पदवी वीतभर लहान असते. तर म्हणे, "ती मोडायची नाही. ॲडव्हान्स घेतलाय." दुकानाचा नियम मला माहीत आहे – ॲडव्हान्स घेतला की गिऱ्हाईक कितीही वर्षं न येवो, फ्रेम मोडायची नाही. माळा भरलाय तसल्या फ्रेमांनी. पण इथं ॲडव्हान्स दिला कुणी? मी तर एक छदाम दिलेला नाही. माझ्या आयुष्याचा निर्णय, आणि यांना फ्रेमची पडलीय.

१३ जून
बाबा काच आणायला गेले तेव्हा मी ती फ्रेम उतरवली. मीच कापणार होते. टेबलावर पालथी घातली. मागच्या पुठ्ठ्यावर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं, ते प्रत्येक फ्रेमवर लिहितात तसंच – तारीख, माप, गिऱ्हाइकाचं नाव, ॲडव्हान्स मिळाला. तारीख अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. नाव आईचं, लग्नाआधीचं.

आईपुढे नेऊन ठेवली. तिनं सुरी खाली ठेवली. त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी मी येऊन ॲडव्हान्स देऊन गेले होते. पदवी चार वर्षांनी मिळायची आणि फ्रेम आधी! वेडीच होते."

मग गेली का नाहीस?

"पुढच्या वर्षी तुझ्या मामाचा नंबर होता. पैसे एकाच्याच फीपुरते होते." पुन्हा सुरी उचलली. "फ्रेम न्यायला मी येईना, म्हणून तुझे बाबा घरी विचारायला आले. मग येतच राहिले." हसली ती. मला नाही हसू आलं. पोटाला चिमटा काढला, म्हणे. कुणाच्या पोटाला, ते नाही सांगितलं मामांनी!

१४ जून
मामांना फोन केला. म्हटलं, ठरलं, मोठ्या विद्यापीठात जाते. "शाब्बास! पैशांचं होतं कसंतरी." म्हटलं, हो ना, फी तुम्हीच भरताय. ते हसायला लागले. मग मी पुठ्ठ्यावरचं वाचून दाखवलं. तारीख आणि माप होईपर्यंत हसत होते. आईच्या नावाला थांबले.