आमची तीन मिनिटं आणि माझा चार पानी फॉर्म

कॉर्डिल, इंडियाना
१४ सप्टेंबर २०१९

चि. डेलबर्ट यास,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. (तू एकोणसत्तर वर्षांचा झालास हे मला ठाऊक आहे. पण मी त्र्याहत्तरची आहे आणि आपल्यातलं अंतर काही केल्या कमी होत नाही, तेव्हा 'चिरंजीव' सोसून घे.) तुझा नवा गुडघा कसा आहे? ओरेगॉनच्या पावसात कुरकुरतो का? मार्लीनच्या शेळ्या दूध देताहेत ना? तिने नाताळात पाठवलेलं चीज मी गल्लीत वाटलं. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं (पुन्हा कोणी मागितलं नाही, पण हे तिला सांगू नकोस). मी मजेत आहे. खुबा दुखतो म्हणून डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायचं नाही असं बजावलं होतं, आणि नेमकं उभं राहिल्याबद्दलच माझ्यावर खटला झाला. हातात कॉफी असेल तर खाली ठेव आणि सावकाश वाच.

व्हर्नन साइप्स तुला आठवत असेल, बियाण्यांच्या दुकानातला, उंच, सतत नाक ओढणारा. टाऊन कौन्सिलच्या बैठकीत सुरुवातीला कोणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलायला मिळायचं, आणि हा गृहस्थ अकरा वर्षं दर दुसऱ्या सोमवारी मेन स्ट्रीटच्या एकेरी वाहतुकीविरुद्ध बोलत आला. रस्ता एकेरी झाला आणि त्याच्या दुकानाकडे गिऱ्हाईक वळेना, एवढाच मुद्दा. पण तो त्यात रोमन साम्राज्यापर्यंत जाऊन यायचा. मी निवृत्त झाल्यापासून प्रत्येक बैठकीला जाते (चाळीस वर्षं टाऊन क्लार्कच्या खुर्चीत काढल्यावर सोमवारी संध्याकाळी दुसरीकडे कुठे जायचं हे सुचतच नाही) आणि व्हर्नन उठला की मी विणकाम काढते. एक संपूर्ण शाल मी त्याच्या भाषणांवर विणली आहे. तर मे महिन्यात महापौर गॅरी प्रुइट यांनी ठराव आणला की वेळेची बचत म्हणून नागरिकांची तीन मिनिटं बंद. हात वर झाले, ठराव पास. मी सुया खाली ठेवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या सभागृहात बोलायला उठले. प्रुइट म्हणाले, "लोरीनबाई, बोलण्याची वेळ आता राहिलेली नाही." मी म्हटलं, "त्याबद्दलच बोलायचं आहे." ते म्हणाले, "तेच तर सांगतोय, त्याबद्दल बोलायलाही वेळ राहिलेला नाही." माणूस वाईट नाही रे. फक्त त्याला घरी जेवायला वेळेवर जायचं असतं.

मला रात्रभर चीड येत राहिली, आणि गंमत म्हणजे व्हर्ननबद्दल कणव अजिबात नव्हती. पण कंटाळवाण्या माणसाला गप्प करता येतं, तर उद्या कंटाळवाणा कोण हे प्रुइट ठरवणार, आणि माझ्या वयाला त्या यादीत नाव यायला वेळ लागत नाही. सकाळी मी पुठ्ठा घेतला आणि पाटी रंगवली: 'आमची तीन मिनिटं परत द्या'. सुरुवातीची अक्षरं फार मोठी झाल्यामुळे 'परत द्या' कोपऱ्यात मुंग्यांसारखं आलं. त्यामुळे टाऊन हॉलसमोरच्या फूटपाथवर उभी राहिले तेव्हा पहिल्या तासात दोघांनी मला विचारलं की तीन मिनिटांत नक्की काय मिळतं.

मग टॅमी बाहेर आली. (टॅमी म्हणजे माझ्या जागेवर आलेली क्लार्क. चांगली पोरगी, पण फायली उभ्या ठेवते.) ती फार ओशाळून म्हणाली, "लोरीन, निदर्शनाला परवानगी लागते. एवढा फॉर्म भरून दे ना." तिने चार पानं हातात दिली. मी चष्मा लावला, आणि डेलबर्ट, मला एखादी जुनी मैत्रीण भेटावी तसं झालं. त्या टाइपरायटरचा 'ई' जरा डावीकडे कलायचा, तो तस्साच कललेला. शेवटच्या पानाच्या तळाशी टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं, माझी. १९७० साली मी तो फॉर्म तयार केला आणि तेव्हापासून त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघताहेत. खरं सांगते, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. काय पक्कं काम होतं! अर्ज तीस दिवस आधी. सहभागी किती. दर पन्नास माणसांमागे एक शौचालय, तेही शंभर यार्डांच्या आत. प्रथमोपचाराची सोय. बँड आहे की नाही. जबाबदार नेत्याचं नाव, आणि नेता शिस्त मोडल्यास त्याला आवरणाऱ्या व्यक्तीचं नाव. कुठे सुईच्या टोकाएवढी फट नाही.

मी तो तिथेच फूटपाथवर भरला. सहभागी: एक. शौचालयं: एक पन्नासांश. बँड: नाही. नेता: मी. नेत्याला आवरणारी: मी. टॅमीने तो आत नेला आणि पाच मिनिटांत नामंजूर करून आणला, कारण तीस दिवस झाले नव्हते. मी तिचं अभिनंदन केलं (नियमाप्रमाणे बरोबरच होतं) आणि पुन्हा उभी राहिले.

इथपर्यंत सगळं शांत होतं. तिसऱ्या दिवशी व्हर्नन आला. मला वाटलं, आभार मानायला आला. त्याने माझी पाटी दोनदा वाचली, नाक ओढलं आणि म्हणाला, "मी तुला माझ्यासाठी भांडायला सांगितलं होतं का? आणि तीन मिनिटं कशाला मागतेस? तीन मिनिटांत माणूस खाकरतो फक्त. दहा मागायला हवीत." मी म्हटलं, "व्हर्नन, तुला दहा दिली तर मीच प्रुइटच्या बाजूने जाईन." तो गेला आणि तासाभरात समोरच्या फूटपाथवर स्वतःची पाटी घेऊन उभा राहिला: 'दहा'. बाकी एक अक्षर नाही. आता गाव दोन पाट्यांमध्ये सापडलं. लोक मोटारी हळू करून वाचायचे, तीन विरुद्ध दहा, आणि काही जण दोन्हीकडे हॉर्न वाजवून जायचे. एकेरी रस्त्यामुळे व्हर्ननची पाटी येणाऱ्यांना आधी दिसायची, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली, पण त्याने ती मान्य केली नाही.

शुक्रवारी कॉन्स्टेबल ब्रँट आला. (रॉबर्टा ब्रँटचा मुलगा. त्याच्या जन्माची नोंद माझ्याच अक्षरात आहे.) एका हातात चलनपुस्तक, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. म्हणाला, "लोरीनबाई, एकट्याच उभ्या होतात तोवर मी दुसरीकडे बघत होतो. आता दोघं झालात, म्हणजे महापौर म्हणतात हा जमाव झाला."

"अरे, आमचं एकमेकांशी पटत नाही. तो माझ्या विरोधात उभा आहे."

"तसा रकाना नाही ना फॉर्ममध्ये," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं. तो रकाना माझ्याकडून राहून गेला होता. त्याने मला समन्स लिहून दिलं, मग खुर्ची उघडून दिली आणि आईने खुब्याची विचारपूस केली आहे असं सांगितलं. व्हर्ननला समन्स दिलं, खुर्ची दिली नाही. व्हर्नन अजून त्याबद्दल बोलतो.

ऑगस्टमध्ये कोर्टात उभं राहावं लागलं. मी निळा पोशाख घातला, जो मी लग्नांना आणि अंत्यविधींना घालते, कारण यातलं कुठलं होणार आहे याची खात्री नव्हती. टाऊनच्या वकिलाने फॉर्म पुढे केला. न्यायाधीश बाई तरुण होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी चारही पानं वाचली, मग शौचालयाचं कलम मोठ्याने वाचलं, आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?" वकिलाने प्रुइटकडे पाहिलं, प्रुइटने टॅमीकडे, टॅमीने छताकडे. मला हात वर करावा लागला.

"आरोपीने?" न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"हो बाई. १९७० साली."

"यात इतकी कलमं कशासाठी?"

मी चाळीस वर्षं शपथेवर लोकांच्या सह्या घेतल्या आहेत, डेलबर्ट. खोटं तोंडातून निघेना. "कोणी उभं राहू नये म्हणून," मी म्हटलं.

न्यायाधीश बाईंनी चारही पानं टेबलावर पालथी ठेवली. मग त्यांनी निकाल सांगितला: सरकारचं चुकतंय असं सार्वजनिक फूटपाथवर उभं राहून म्हणायला एका माणसाला परवानगी लागत नाही, आणि एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांनाही लागत नाही, हा फॉर्म राज्यघटनेपुढे टिकत नाही, दोन्ही समन्स रद्द. म्हणजे मी सुटले, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीटनेटकं काम घटनाबाह्य ठरलं. मला जरा लागलंच. पण बाहेर पायऱ्यांवर व्हर्नन म्हणाला, "फॉर्म चांगला होता पण," आणि मग मला हसू आवरेना.

सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीत तीन मिनिटं परत आली. प्रुइटने स्वतःच ठराव मांडला आणि माझ्याकडे पाहून मान झुकवली. पहिलं नाव माझं होतं. मी उठले, धन्यवाद म्हटलं, वाचनालयाच्या दारापाशी दिवा हवा एवढं म्हटलं, आणि माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. अजून दोन मिनिटं वीस सेकंद बाकी होती. व्हर्ननने ती मागितली. प्रुइटने नाही म्हटलं. व्हर्नन स्वतःच्या तीन मिनिटांत त्याबद्दल बोलला, आणि मी नवीन शाल सुरू केली आहे. फार बरं वाटतं.

मार्लीनला आणि शेळ्यांना आठवण सांग.

तुझी,
लोरीन

ता. क. पुढच्या नाताळात चीज थोडं कमी पाठवलं तरी चालेल.

ता. क. दुसरा. तुला इतकी वर्षं वाटत आलं की तो फॉर्म तुझ्याआधीपासून होता. नव्हता. १९७० च्या मे महिन्यात तू युद्धाविरुद्धची पाटी घेऊन चार मित्रांसह माझ्या खिडकीपाशी आलास, तेव्हा बाबा (त्या वर्षी कौन्सिलवर होते) आत कौन्सिलच्या खोलीत बसले होते. म्हणाले, "लोरीन, त्याला काहीतरी कागद दे." मी तुला बाकावर बसवलं आणि आत जाऊन तो टाईप केला. चाळीस मिनिटं लागली. तू चारही पानं भरलीस. शौचालयापुढे 'आमच्या घरचं वापरू, आईला विचारलं आहे' असं लिहिलंस. मी नामंजूर केला, कारण घर शंभर यार्डांपलीकडे होतं. ते अंतर मी टेप लावून मोजलं होतं. त्याच उन्हाळ्यात तू ओरेगॉनला गेलास. न्यायाधीश बाईंनी विचारलं तेव्हा मला हेच सगळं सांगायचं होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. ऑक्टोबरमध्ये ये. माझ्याकडे दोन खुर्च्या आहेत. शनिवारी सकाळी टाऊन हॉलसमोर बसू. पाटीवर काय लिहायचं ते तू ठरव, माझ्याविरुद्ध लिहिलंस तरी चालेल. परवानगी लागत नाही, मी कोर्टातून विचारून आले आहे.