दारातून न निघणारं टेबल

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, धंदा घरकाम आणि घरातल्या सगळ्यांवर नजर ठेवणं, असं लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, कान थोडे कमी आहेत, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दमदाटीने किंवा लाडीगोडीने करत नाही. दमदाटी मला कोणी करत नाही. लाडीगोडी नात करते, पण तिचा वाटा मी आधीच ठरवला होता.

माझे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. दारं-खिडक्यांच्या कारखान्यात ते सुतार होते. त्यांनी मृत्युपत्र केलं नाही. मी मागे लागले तेव्हा म्हणाले, "अगं, माझ्याकडे आहे काय? एक तू आहेस, आणि तू काही कोणाच्या नावावर होणारी नाहीस." घर पहिल्यापासून माझ्या नावावर आहे आणि कपाटाच्या किल्ल्याही माझ्याकडे, सबब हे काम माझ्या गळ्यात आलं.

ते कसे होते याची नोंद इथे राहावी, म्हणून एवढंच लिहिते. रोज संध्याकाळी कामावरून आले की स्वतःच्याच घराचं दार वाजवायचे आणि आवाज बदलून म्हणायचे, "मीटर बघायला आलोय!" मुलं पळत सुटायची, पुढे नातवंडं पळायला लागली. एकदा भर दुपारी तसाच आवाज आला. मी आतूनच ओरडले, "पुरे झालं नाटक, हातपाय धुऊन घ्या!" दार उघडलं तर खरंच मीटरवाला उभा. बिचारा नळाकडे निघाला होता.

कलम पहिलं. भिंतीवरचं मोठं घड्याळ माझ्या नणंदबाईंना द्यावं. माझ्या लग्नात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वहिनी, माझा भाऊ पोरकट आहे. हसण्यावारी संसार होत नसतो." वन्सं, झाला. चांगला झाला. तुम्ही यायच्या दिवशी हे घड्याळ ते तासभर पुढे करून ठेवत, आणि तुम्ही "अगंबाई, इतके वाजले!" म्हणत उठत. ते अजून तसंच पुढे आहे. मी मागे केलेलं नाही.

कलम दुसरं. त्यांची सगळी हत्यारं, म्हणजे रंधा, पटाश्या, हातोडे आणि करवत, थोरल्या मुलाच्या मुलीला द्यावीत. खिळा कसा धरायचा हे तिला आजोबांनी शिकवलं, आणि तिच्या हातून तो वाकडा जात नाही. मुलीला हत्यारं कशाला, असं विचारणाऱ्याच्या पायावर तिने हातोडा पाडावा. माझी परवानगी आहे. अट एकच: करवत जेवणाच्या टेबलाला लावायची नाही.

कलम तिसरं. बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं. त्यावरून भांडण होणार नाही. भांडायला पुरेल इतकं ते नाही.

कलम चौथं. हे नीट वाचावं.

घर थोरल्याला. टेबल धाकट्याला.

टेबल आधी चौघांचं होतं. मग घरात जे माणूस वाढलं, सून असो की नातवंड, त्याच्यासाठी हे कारखान्यातल्या मोडक्या दाराची फळी घेऊन यायचे आणि टेबलाला जोडायचे. प्रत्येक फळीचं लाकूड वेगळं, रंग वेगळा. नातीच्या फळीत जुन्या कुलपाचं भोक त्यांनी मुद्दाम ठेवलं. नावडती भाजी तिने त्यातून खाली सोडायची आणि आजोबांनी मांडीवर डबा धरून बसायचं, असा दोघांचा करार होता. मला तो पहिल्या दिवशीच कळला होता, पण मी मोडला नाही. आता बारा माणसं पोटभर जेवतील एवढं ते टेबल आहे, सगळे सांधे सरसाने चिकटवून खुंट्यांनी पक्के केलेले, आणि ते खोलीच्या दारातून बाहेर निघत नाही. जन्मभर दारं केलेल्या माणसाला दाराचं माप कळलं नाही, असं कोणी म्हणू नये. मी विचारलं होतं, "अहो, उद्या हे बाहेर कसं काढणार?" तर म्हणाले, "काढायचंय कशाला? ज्याला भूक लागेल तो आत येईल."

याच खोलीत त्यांची बोलकी खुर्चीही आहे. तिचा एक सांधा त्यांनी मुद्दाम सैल ठेवला होता. बसलं की ती कुंई करते, आणि जो बसला त्याने एक विनोद सांगायचा, हा घरचा नियम. ते गेले त्या दिवशी कारखान्याचे मालक भेटायला आले, सुतकी चेहरा करून तिच्यावरच बसले आणि म्हणाले, "फार गंभीर माणूस होता हो." खुर्ची अशी काही केकाटली की धाकट्याला हसू फुटलं. थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "बाप गेलाय आणि दात काढतोस? चालता हो!" धाकटा गेला तो गेलाच. दोन गल्ल्या पलीकडे राहतो, पण या घराची पायरी चढत नाही. थोरल्याने दुसऱ्या दिवशी खुर्चीला खिळा ठोकून तिचं तोंड बंद केलं. तेव्हापासून दोघा भावांत शब्द नाही, आणि मी दर रविवारी डबा घेऊन धाकट्याकडे जाते.

त्या दिवशी मीही हसले होते. तोंडावर रुमाल होता म्हणून दिसलं नाही. हे मी थोरल्याला तेव्हाच सांगितलं, पण त्याला वाटलं, आई धाकट्यावर पांघरूण घालते आहे. म्हणून आता साक्षीदारांसमक्ष लिहून देते: मी हसले. अशा माणसाबरोबर माझं आयुष्य गेलं याचा मला गर्व आहे, आणि त्याला निरोप देताना हसू आलं याचाही.

सबब, धाकट्याला आपलं टेबल वापरण्यासाठी या घरात बायकामुलांसह येण्या-जाण्याचा वहिवाटीचा हक्क राहील. थोरल्याने अडवू नये. दर रविवारी दोघांनी त्याच टेबलावर जेवावं. टेबल कापलं, विकलं किंवा सलग तीन रविवार रिकामं राहिलं, तर घर आणि टेबल दोन्ही माझ्या नणंदबाईंच्या नावे होतील आणि त्या इथे राहायला येतील. मी त्यांना विचारलं आहे. त्या एका पायावर तयार आहेत.

कलम पाचवं. बोलकी खुर्ची थोरल्याला. तिला पुन्हा खिळा मारू नये. आधीचा मी काल पकडीने उपटला आहे.

पुरवणी, सही करण्याआधी. इथवर लिहून झाल्यावर साक्षीदार आले. आमच्या डॉक्टरबाई नेमक्या त्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची बोलली. डॉक्टरबाई कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या, "मला विनोद नाही हो येत!" आवाज ऐकून थोरला आतून आला. "आई, खिळा कोणी काढला?" म्हटलं, "मी." त्याने डॉक्टरबाईंना उठवलं आणि स्वतः बसून पाहिलं. मग उठला, पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी हसायला लागला. त्याचं हसणं हुबेहूब ह्यांचं आहे, हे मी विसरलेच होते. बाप गेला तेव्हा हा पोरगा रडला नव्हता, आल्यागेल्याचं बघत होता. आज हसता हसता रडला, आणि नातीने त्याचं डोकं धरून ठेवलं.

मग त्याने विचारलं, "तू खरंच हसली होतीस?" मी म्हटलं, "लिहिलंय की. वाच." त्याने कलम चौथं उभ्याउभ्या वाचलं, कागद खाली ठेवला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"धाकट्याकडे," तो म्हणाला. "मीटर बघायला."

कलम चौथं तरीही कायम ठेवते.

सही: या घराची मालकीण

साक्षीदार: १. डॉक्टरबाई (विनोद बाकी) २. समोरचे शिंपी

ठिकाण: टेबलाची माझी बाजू

दिनांक: रविवार. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचा एक, म्हणजे खरे बारा. जेवायला अजून वेळ आहे.