बेंदेरे म्हणजे विकेन

३ जानेवारी १९२६, सकाळ
बार्सिलोनाचा चामडेवाला साहेब पंधराला जव्हारास येतो आहे. चामडं कमवायला त्याला हिरडा हवा. माझ्या गोदामात तीनशे पोती. मुंबईच्या दलालाने यंदा पाठ फिरवली, तेव्हा गिऱ्हाईक हेच एक. हे गेलं की माल किड्यांचा. दुभाषा ठेवायचा नाही. बारा दिवसांत स्पॅनिश शिकणार. मोळ्या वाहता वाहता वारली बोली शिकलो, भांडता भांडता गुजराती. कान शाबूत तर जग आपलं.

४ जानेवारी
डाकबंगल्यावरचा खानसामा कायतान बारा वर्षं स्पॅनिश आगबोटीवर होता. शिकवीन म्हणाला. फी रोज एक कोंबडी. आमच्या वेणूबाई म्हणाल्या, भाषा तुमची आणि कोंबड्या माझ्या होय?

६ जानेवारी
फक्त फ्यूचर, म्हणजे भविष्यकाळ, शिकायचं. विकेन, भरीन, पाठवीन. धंद्यात आणखी लागतं काय? नियम भलता सोपा. क्रियापद अख्खं ठेवा, वर शेपूट लावा. बेंदेर म्हणजे विकणे. मी बेंदेरे, तू बेंदेरास, तो बेंदेरा, ते बेंदेरान. रास म्हणजे ढीग, रान म्हणजे रान. सगळं आपलंच! कायतान म्हणतो, क्रियापदांच्या जाती तीन, पण शेपूट तिघांना एकच. मराठीला हे कधी सुचलं नाही.

९ जानेवारी, दुपार
मोठी शंका. बेंदेरे, एन्बियारे, कार्गारे. विकेन, पाठवीन, भरीन. सगळीकडे रे! एवढ्या मोठ्या साहेबाला तोंडावर अरे-तुरे? कायतान म्हणतो, शेट, 'रे'तच तर 'मी' आहे, त्याला हात लावू नका. खलाशांत राहिलेला माणूस, त्याला अदब काय कळणार? ठरलं. 'रे' काढून 'हो' लावायचं.

१२ जानेवारी
गाडीत बसून मोठ्याने सराव. बेंदे हो! एन्बिया हो! दर 'हो'ला बैल थांबले. जिवा गाडीवान करवादला, शेट, तुमचं ते इंग्रजी बंद करा, नायतर मोखाड्याला पोचायला होळी येईल. जनावरांनाही कळतं आहे. उच्चार उत्तम असला पाहिजे.

१४ जानेवारी
नवा फेटा आणला. वेणू म्हणाली, साहेबाने उलट काही विचारलं तर? म्हटलं, फ्यूचरमध्ये सांगेन. उद्या ऑर्डर!

१५ जानेवारी, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
साहेब मोटारीतून उतरले. मी पुढे होऊन खणखणीत म्हटलं, सेन्योर, बेंदे हो! कार्गा हो! एन्बिया हो! साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. एक पाऊल मागे सरले. मी आणखी मोठ्याने म्हटलं.
कायतानने कपाळाला हात लावला. मग कानात म्हणाला, शेट, 'रे' कापलंत की मागे उरतो हुकूम. तुम्ही त्याला ओरडत होतात, विक! भर! पाठव!
तेवढ्यात मोखाड्याचा हिरडेवाला गोवर्धनशेट सरसावला. त्याला मराठीसुद्धा धड लिहिता येत नाही. साहेबांच्या हातावर रुमाल टाकला आणि खालून बोटं दाबली, बाजारात भाव करतात तशी. साहेब आधी दचकले, मग खदखदून हसले, मग त्यांनीही दाबली. सौदा झाला.

१६ जानेवारी
निरोपाला गेलो. माणुसकी म्हणून. मोटार सुरू झाली, साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, बोल्बेरे! पहिल्यांदा ऐकलं 'बोल बे रे', रागच आला. मग कान टवकारले. बोल्बेर अधिक ए. नियमित! फ्यूचर! कायतानला विचारलं, अर्थ 'परत येईन'. धावत घरी आलो, वेणूला सांगितलं, साहेबांनी शब्द दिलाय, परत येणार, पोती उन्हात घाला.
वेणू तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, अहो, आपणही जाताना 'येतो'च म्हणतो.