लांडगा गेल्यावर

छत्रपती संभाजीनगर
१० नोव्हेंबर २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला आता ऐकूच येत नाही, म्हणून माय म्हणाली पत्र लिही, आबा चष्मा लावून वाचतील.

परवा कॉलेजात मॅडमनी गवताळ माळ शिकवला. पाऊस कमी तिथं गवताचं रान होतं, आणि तेही जंगलाइतकंच भरलेलं असतं. गवतावर ससा, हरीण जगतं, त्यांच्यावर लांडगा. चरणारी तोंडं फार वाढत नाहीत, म्हणून गवतही टिकतं. मी उठून सांगितलं, माझे आबा पाटोद्याकडच्या माळावर मेंढरं राखतात आणि ओढ्याकाठच्या लांडग्यांच्या जोडीचं जावयासारखं कौतुक करतात. वर्ग हसला. मॅडम मात्र म्हणाल्या, त्याच माळाचा अभ्यास कर. जानेवारीत पिल्लं होतील तेव्हा येते. तोवर जावयाला जपा.

लेकीवरची माया आटू देऊ नका.
तुमची योगिता

वस्तीवरून, ता. पाटोदा
२८ नोव्हेंबर २०२४

चि. योगितास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मायला दोनदा वाचून दाखवलं. आमी बरे हाव.

पर लांडग्यानं शेजारच्या हरिबाचं कोकरू नेलं, मागून दुसरंबी. मी त्याला म्हणलं, आपल्या आजा-पणज्यानं लांडग्याचा वाटा कवा मोजला न्हाई. तर तो म्हणला, तवा माळ केवढा होता! आता अर्ध्या माळाला सोलरवाल्यांचं कुंपण पडलं, ससा न्हाई का हरीण न्हाई, मग लांडगा माझ्या मेंढरांच्या वाड्यात न्हाई शिरणार तर जाईल कुठं? त्याचं खोटं कसं म्हणावं? मेल्या मेंढीत औषध घालतो म्हणतोय. तुझ्या मॅडमला काय करता आलं तर बघ.

जिवाला जप, आमाला इसरू नको.
तुझा आबा, सुग्रीव

छत्रपती संभाजीनगर
१५ डिसेंबर २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

मॅडम आणि मी वनखात्याच्या कचेरीत जाऊन आलो. कोकरांच्या पंचनाम्याला माणूस पाठवतो, मग भरपाई मिळेल म्हणाले. हरिबाकाकांना माझा नमस्कार सांगा, आणि हात जोडून सांगते, तेवढं थांबायला सांगा. मेल्या मेंढीवर एकटा लांडगाच येत नाही, कोल्हा येतो, कावळे येतात, आपल्या वाघ्यासारखी कुत्रीही येतात. विष सगळ्यांच्या पोटात जाईल.

मायला सांभाळा, माझी आठवण असू द्या.
योगिता

वस्तीवरून
२ मार्च २०२५

चि. योगितास अनेक आशीर्वाद.

जानेवारीत तुझ्या मायनं फोनवर तुला येऊ नको का म्हणलं, ते आता लिहितो.

कचेरीतून कुणी आलं न्हाई. हरिबानं लई वाट बघितली, मग मेंढी टाकली. मादी ओढ्यात पाण्याकडं तोंड करून पडलेली घावली. पोटात पिल्लं होती. नर तिच्यापासून थोडा दूर. कोल्हा मेला, कावळे मेले, आपला वाघ्याबी मेला. त्याला पुरताना हरिबा माझ्यासंगं खड्डा खांदत होता. कुत्रं ध्यानातच आलं न्हाई म्हणला, आन खाली बसून रडला.

लांडगा गेल्यावर गावाकडची मोकाट कुत्री टोळीनं माळावर आली. लांडगा एक उचलायचा. ही वाड्यात शिरून सगळी फाडतात आन खातबी न्हाईत. हरिबाचा वाडा एका रातीत संपला. तो कारखान्यावर ऊस तोडायला गेला. मी उरलेली मेंढरं आष्टीच्या बाजारात नेऊन दिली. कुंपण आता ओढ्यापतूर आलंय.

तू दुसरा माळ शोध पोरी. तुझ्या मॅडम कुठला तरी सांगतील.

मी सवयीनं पहाटं उठतो, काठी घेतो, तारंपतूर जातो आन माघारी येतो. तुझी माय च्याचा कप पुढं ठेवती.

तू सुखात ऱ्हा.
तुझा आबा