पार्किंगच्या वळणावरचा आरसा

२ फेब्रुवारी, रविवार
तास नको म्हणे! आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी श्यामसुंदररावांनी माझं वाक्य अर्ध्यात तोडलं. विषय होता बेसमेंटच्या उतारावर, वळणाच्या कोपऱ्यात लावलेला गोल आरसा. तो बहिर्वक्र — पोट पुढे काढलेला. हिरामणशेठनी नवी मोठी गाडी घेतल्यापासून त्यांना तो खटकतो. "एवरी मोठी गारी माजी, न आरशान उंदरावानी दिसतं! मोठा दाखवनारा आना." मी उठून म्हटलं, "लहान दाखवतो म्हणूनच त्यात अख्खं—" तर श्यामसुंदरराव, "मॅडम, तास नको, आरसा हवा." सगळे खो खो हसले.

घरी येऊन सोसायटीचा ग्रुप सोडला. तेवीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतेय. आता स्वतःहून एक अक्षर बोलणार नाही. विचारायला या, मग सांगेन.

४ फेब्रुवारी, मंगळवार
बारावीची प्रॅक्टिकल्स. चाळीस मुलं, सगळ्यांचे तेच ते प्रश्न. डोकं बधिर.

८ फेब्रुवारी, शनिवार
नवा आरसा आला — अंतर्वक्र!! दाढीचा असतो ना, तसाच, फक्त परातीएवढा. सोसायटीच्या ऑफिसात एकेक जण हातभरावर उभा राहून स्वतःचं नाक बघत होता. "वा, काय मोठं दिसतंय!" दिसणारच. नाभीच्या, म्हणजे आरशासमोर किरण एकवटतात त्या बिंदूच्या, आत उभं राहिलं की मोठं आणि सरळ. तिच्या पलीकडे गेलं की उलटं. पण दहा पावलं मागे सरकून बघायचं कोणालाही सुचलं नाही. मी दारातून डोकावले, "छान आहे," म्हटलं आणि लिफ्ट गाठली.

९ फेब्रुवारी, रविवार
लावला! हिरामणशेठ ऐटीत गाडी घेऊन उतारावर आले आणि करकचून ब्रेक. आरशात चाकं वर, टप खाली. वॉचमन पोपट धावत माझ्याकडेच, "म्याडम, गाडी डोक्यावर चालतीया!" श्यामसुंदररावांनी निदान केलं — आरसा उलटा बसवलाय. पोपट शिडीवर चढला, स्क्रू काढले, आरसा फिरवून लावला. गोल आरसा! गाडी उलटीच. "अजून थोडा फिरव." फिरवला. उलटीच. तिसऱ्या खेपेला मला तिथे उभं राहवेना. घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसले.

अरविंदला सगळं सांगितलं. नवरा हसला, पण माझ्याइतका नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लोक आता उतारावर मान वाकडी करून गाड्या चालवतात. हिरामणशेठ तर खिडकीतून अर्धे बाहेर. कोणी म्हणतं माल डुप्लिकेट, कोणी म्हणतं काच नवी आहे, रुळेल.

अरविंद म्हणाला, "अगं, सांगून टाक. कोणाला तरी लागेल." मी म्हटलं, विचारू देत. "हा तुझा हट्ट आहे." आहेच!

खरं लिहायचं तर आज मीही घाबरले. नुसतं वर-खाली नाही, त्यात डावं-उजवंही बदलतं. डावीकडची स्कूटर उजवीकडे समजून मी गाडी थेट तिच्यावरच घातली होती, थोडक्यात वाचले. पोपट आता शिट्टी घेऊन दिवसभर वळणावरच उभा असतो. "आरसा खरं बोलंना, मग मीच हुबा ऱ्हातो." हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
गेटवर श्यामसुंदरराव काहीतरी बोलायला थांबले. मी मुद्दाम नोटीस बोर्ड वाचत बसले. येतील झक मारत. अजून दोन दिवस.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पोपटला बाइकने उडवलं. पार्सल घेऊन येणारा मुलगा होता. आरशात पोपट एका बाजूला दिसला म्हणून त्याने दुसरीकडून गाडी घेतली, आणि पोपट तिथेच उभा. घोट्याचं हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्यात मलाच समजावत होता, "शिट्टी मारली हुती, म्याडम, त्याचा दोष न्हाई."

लाज वाटतेय. एक वाक्य सांगायचं होतं मला. एकच. बोलले नाही, कारण चार माणसं मला हसली होती.

उद्या सकाळीच ऑफिसात जाते. सगळ्यांसमोर सांगते — आरसा चुकीचा आहे आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
गेले, सांगितलं. श्यामसुंदरराव चिडले नाहीत, गोंधळले. "पण मॅडम, तुम्हालाच विचारून मागवला ना. मीटिंगमध्ये भलतंच बोलून गेलो होतो, वाईट वाटत होतं. म्हणून मीटिंगनंतरच्या मंगळवारी, तुम्ही कॉलेजातून आलात तेव्हा, मुद्दाम तुमच्यासाठी लिफ्ट धरून थांबलो होतो." मग रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. त्यांच्याच अक्षरात — 'आरसा : अंतर्वक्र. गीतांजली मॅडम यांच्या सल्ल्याने.'

आता आठवतंय. प्रॅक्टिकल्सच्या त्या दिवशी लिफ्टमध्ये कोणीतरी विचारलं होतं, मोठं कशात दिसतं? मोबाइलवरून मान वर न करता मी उत्तर दिलं होतं. कोण विचारतंय तेही पाहिलं नाही.