बॉनेट आपोआप निघालं

४ फेब्रुवारी, सकाळ
हे लेकीकडे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी मागे राहिले, घर कुठे पळून जाऊ नये म्हणून. नातीने फोनमध्ये सोय करून दिलीय, मी बोलते आणि तो लिहून ठेवतो. मला वाचता येत नाही. म्हणजे इथे काय बोलले ते मलाही कळायचं नाही. याहून पक्कं कुलूप कुठे मिळणार.

जाताना दारातून तीनदा परत आले. टेबलावरच्या गाडीला हात लावायचा नाही. फडकंही मारायचं नाही. गाडी म्हणजे प्लास्टिकची, वीतभर लांब, लाल. जुन्या काळातली स्पोर्ट्स कार. खोक्यातून सुटे तुकडे येतात, ते हे चिमट्याने उचलून जोडत बसतात. जन्मभर गॅरेजात लोकांच्या गाड्यांखाली आडवे पडून हौस फिटली नाही. असली खरी गाडी एकदाच आली होती तिथे. मालकाने यांना फक्त बॉनेट उघडून आत बघू दिलं. तेवढ्यावर माणूस अजून बोलतोय.

इंजिन बसवून झालंय. डोळा धूसर झाल्यावर नुसत्या बोटांनी चाचपून बसवलं, दोऱ्याएवढ्या वायरी लावून. बरोबर बसलं की नाही, यांना स्वतःलाच ठाऊक नाही. नवा डोळा आला की बॉनेट उघडून तेच बघायचंय. ऑपरेशनला तयार झाले ते यासाठी, माझं तोंड नीट दिसावं म्हणून नव्हे.

निश्चय: त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

४ फेब्रुवारी, दुपार
टाकलं. केर काढायला. जमिनीला बंदी नव्हती.

५ फेब्रुवारी
फडकं गाडीच्या फक्त आजूबाजूने फिरवलं. बॉनेट आपोआप निघालं. मोडलं म्हणता येणार नाही, निघालं. त्याला दोन बारीक बिजागऱ्या होत्या. फडकं गॅलरीत झटकल्यानंतर त्या दिसल्या नाहीत. खाली पार्किंगमध्ये जाऊन शोधत बसले. वॉचमनने विचारलं, आजी, काय हरवलं. म्हटलं, कानातलं. दोन्ही कानांतलं कानांतच होतं. तोही वाकून शोधायला लागला, भला माणूस. बिजागऱ्या काही सापडल्या नाहीत.

संध्याकाळच्या फोनवर यांना सगळं सांगून टाकणार.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
लेक म्हणाली, ऑपरेशन छान झालं, पण बाबांना कसला ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे मी गप्प बसले ते डॉक्टरांच्या सल्ल्याने.

७ फेब्रुवारी
स्टेशनरीवाल्याकडून झटपट चिकटणारा गोंद आणला. म्हणाला, जपून, एक थेंब पुरतो. दुकानदार कमी माल घ्या म्हणतो तेव्हा मला संशय येतो. पुरती ट्यूब वापरली. बॉनेटच्या चारी कडांनी आत सोडला, कुठे कमी पडायला नको. आता असं बसलंय की कंपनीतसुद्धा बसलं नसतं. उघडत नाही, एवढंच. उघडं बॉनेट धूळ खातं. बंद बरं.

फोनवर यांनी विचारलं, गाडी कशी आहे. म्हटलं, जशीच्या तशी. म्हणाले, घरी आलो की पहिलं बॉनेट उघडणार. मी म्हटलं, हो, उघडा ना.

रात्रीचं जेवण गेलं नाही. दुपारचं जास्त झालं असणार.

८ फेब्रुवारी
गाडीच्या काचा पांढऱ्या. पुढची, मागची, बाजूच्या. आत कुणी भात शिजवत असल्यासारख्या. आधी वाटलं थंडी. चादरीत गुंडाळून ठेवली. थंडी नव्हती.

९ फेब्रुवारी
शेजारची पार्लरवाली बघून गेली. म्हणाली, काकू, गोंदाची वाफ आत कोंडली, ती काचेवर बसली. मी म्हटलं, मला कल्पना होतीच. टूथपेस्टने घासा म्हणाली. घासल्या. काचा पांढऱ्या त्या पांढऱ्याच, आता पुदिन्याचा वास येतो.

मग तिचंच नेलपॉलिश काढायचं पाणी मागून आणलं. त्याने पांढरं गेलं नाही, छपराचा लाल रंग मात्र लगेच गेला. गुणी औषध आहे, चुकीच्या जागी गुणी.

१० फेब्रुवारी
छपराला पार्लरवालीचं लाल नेलपॉलिश लावलं. ती म्हणाली, थोडं मरून रंगाचं दिसतंय. मी म्हटलं, यांना कुठे दिसणार. मग आठवलं, दिसावं म्हणून तर गेलेत.

आज यांनी फोनवर विचारलं, तू एवढी गोड का बोलतेस, बरं नाही का. मला वाईट वाटलं. एरवी मी कशी बोलते मग.

१२ फेब्रुवारी
उद्या येतायत. सगळं ठरलंय. पाणी देणार, बसा म्हणणार, आणि शांतपणे एका दमात सांगणार. पाठ केलंय. सुरुवात चांगली आहे: फडक्याचा दोष नव्हता.

१३ फेब्रुवारी
हे आले. काळा चष्मा, पाकिटमारासारखे. पाण्याला हात लावला नाही, चपला काढल्या आणि सरळ टेबलाशी. मी पाठ केलेलं आठवत स्वयंपाकघरात उभी.

चष्मा काढला. गाडी उचलली. काचेकडे बघितलं. एक डोळा मिटून, मग दुसरा. थेंब घातले आणि पुन्हा बघितलं. खिडकीशी जाऊन बाहेर बघून आले. मग अगदी हळू आवाजात मला हाक मारली. म्हणाले, अगं, ही काच तुला पांढरी दिसते का गं.

उत्तर तयार होतं. तोंडातून आलं, छे, मला तर स्वच्छ दिसतेय.

बोलून गेले. कसं, विचारू नका. फोनला सांगतेय मी, तो कशाला विचारतोय.

हे खुर्चीत बसले. लेकीला फोन लावला, म्हणाले, बाई, डोळा गेला बहुतेक, जवळचं सगळं धुकं दिसतंय. तिचा रडवेला आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. रिक्षा बोलवते, डॉक्टरांना थांबवून ठेवते म्हणाली. यांनी एक चप्पल घातली. दुसरी सापडेना, पायाने चाचपत होते. चप्पल समोर होती. नव्या डोळ्याला सहज दिसली असती, पण ते बघतच नव्हते.

तेव्हा सांगितलं. एका दमात नाही, तुकड्या-तुकड्यांनी. गोंद, वाफ, टूथपेस्ट, छप्पर. फडक्याचा दोष मी शेवटी घेतला.

ओरडले नाहीत. लेकीला सांगितलं, डोळा ठीक आहे, तुझी आई आहे. मग इतकंच विचारलं, इंजिन आतच आहे ना. मी म्हटलं, आता ते कुठे जातंय.

१४ फेब्रुवारी
सकाळपासून पातळ ब्लेडने बॉनेट कापत बसले. दिवा धरू का विचारलं. नको म्हणाले. दुपारी निघालं, दोन तुकड्यांत. आत इंजिनावर पिठी चाळल्यासारखं पांढरं. खूप वेळ बघत होते. म्हणाले, एक वायर चुकलीय, बाकी बरोबर बसलंय. मी म्हटलं, एवढ्या पांढऱ्यात ती कोण बघतंय. हे मनात ठेवायला हवं होतं.

मग मी चहा दिला. म्हटलं, गरम आहे, जपून.

त्यांनी आधी बोट बुडवून बघितलं.