जड लागला म्हणून

डोंबिवली (पश्चिम),
९ फेब्रुवारी २०२५

साईनाथ,

आशीर्वाद. 'चिरंजीव' लिहून सुरुवात करणार होतो, पण चव्वेचाळीस वर्षांच्या आणि साडेसहा वर्षं न बोलणाऱ्या भावाला चिरंजीव म्हणायला पेन वळेना. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे धरलेत, माझी साखर वाढलीय, दुकान चालू आहे. कोपरच्या बाजूला एवढे टॉवर झाले, तरी कॉम्प्युटर बंद पडला की लोक अजून माझीच पाटी शोधत येतात. तुमचं कसं चाललंय, हे विचारत नाही. ते मला शनिवारी कळलं.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून कागद घेतला, आणि पत्ताही घरचा न घालता तुझ्या गोदामाचा घातलाय. हे तू आधी एकट्याने वाचावंस.

शनिवारी दुपारी समीक्षा दुकानात आली होती. तिच्यावर चिडू नकोस, सगळं ऐक आधी. मी तर ओळखलंच नाही. पाठीवर सॅक, छातीशी धरलेला कॉम्प्युटरचा खोका, केस आखूड कापलेले. समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पॉवर सप्लाय कोणता घेऊ?" साडेसहा वर्षांनी पुतणी भेटते आणि तिचं पहिलं वाक्य हे. आपल्याच घरातली आहे, शंका नको.

गेम खेळायला लागतं ते ग्राफिक कार्ड तिने स्वतःच्या कमाईतून घेतलंय. लोकांचे व्हिडिओ एडिट करून देते म्हणे. प्रोसेसरही नवा आहे. जुना पॉवर सप्लाय साडेचारशे वॅटचा, तो या सगळ्याला पुरणार नाही, हे तिचं तिलाच कळलेलं. वहीत सगळं मांडून आणलं होतं. कार्डाला इतके वॅट, प्रोसेसरला इतके, पंखे, डिस्क, आणि कार्ड अचानक जास्त खेचतं त्यासाठी वर मोकळीक. साडेसहाशेवर येऊन खाली दोन रेघा मारलेल्या. ती वही बघितली आणि तू डोळ्यांसमोर आलास. फ्लॅटच्या वायरिंगचं काम घेतलंस की आधी पाठकोऱ्या कागदावर लोड काढायचास, पक्कड नंतर.

मी म्हटलं, "अगं, माझ्याकडे काय आलीस? बाबांना विचार की. लोडचं त्यांच्याएवढं कोणाला कळतं?"

"बाबांना?" ती हसली. बरं हसणं नव्हतं ते. "काका, बाबा मिक्सर चालू असला तर टीव्ही लावू देत नाहीत. गीझर काढून टाकला. एसीचं नाव काढायचं नाही. अर्थिंग तीन वेळा नव्याने केलं, तरी रोज सकाळी टेस्टर घेऊन सगळे सॉकेट बघत फिरतात. मी हे कार्ड आणलेलं बघितलं तर म्हणाले, आपल्या घराचं वायरिंग चांगलं नाही, इथे नको. मग मी रुचिताकडे ठेवणारे कॉम्प्युटर. मैत्रीण आहे माझी, कल्याणला असते."

तू वायरिंगच्या कामाचं लायसन्स सोडलंस, हेही तिनेच सांगितलं. शीळफाट्याला गोदामात स्टोअरकीपर आहेस एवढंच मला माहीत होतं. मला वाटायचं, ठेकेदारीची दगदग नको म्हणून गेला असशील. खरं सांगायचं तर मला काही वाटायचंच नाही, मी ते वाटू द्यायचो नाही. नातेवाइकांत मी काय सांगत फिरायचो माहीत आहे? धाकट्याला ठाण्याचा फ्लॅट झाल्यापासून गर्व झालाय. वहिनीच्या ऑपरेशनला साधा फोन केला नाही. दिवाळीला येत नाही. हे सगळं मी तोंड भरून सांगितलंय, गोदूमावशीपासून सगळ्यांना, आणि ऐकून सगळे माना हलवायचे, आणि मला बरं वाटायचं.

मग समीक्षाने सॅकच्या कप्प्यातून एक चिठ्ठी काढून दिली. "आईने दिलीय. बाबांना माहीत नाही."

क्षिप्राचं अक्षर मला माहीत होतं. ती शिकवायची त्या शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोज सकाळी ती सुविचार लिहायची, आणि पोरांना सोडायला आलेले पालक स्कूटर थांबवून तो फळा बघायचे. या चिठ्ठीतलं अक्षर पहिलीतल्या मुलाचं होतं. डाव्या हाताने लिहिलेलं. एक ओळ सरळ नाही. 'भाऊजी, पोरीला चांगला निवडून द्या. माझा तुमच्यावर विश्वास आहे.' एवढंच.

मी चिठ्ठी खिशात घातली आणि स्टुलावर चढून वरचा खोका काढला. साडेसहाशे वॅटचा, चांगल्या कंपनीचा, वर्षानुवर्षांची वॉरंटी असलेला. पोरीने खोका उघडला, पॉवर सप्लाय दोन्ही तळहातांवर घेतला, दोनदा वरखाली केला आणि म्हणाली, "जड आहे! म्हणजे चांगला असणार ना काका? तुम्हीच शिकवलेलं मला. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर बसवायला आलेलात तेव्हा."

साईनाथ, मी स्टुलावर बसलो.

तुला खडवलीचं आप्पांचं दुकान आठवतं. कोयते, विळे, फावडी, सळ्या. आप्पा कुठलीही वस्तू हातात घेऊन झुलवायचे आणि म्हणायचे, जड आहे, टिकेल. गिऱ्हाईकही तसंच करायचं. मी तेच शिकलो. कॉम्प्युटरच्या धंद्यात आलो तरी माल घेताना हात पुढे करायचो. पॉवर सप्लाय तर डोळे मिटून वजनावर घ्यायचो, कारण आत तांबं जास्त, लोखंड जास्त, तर वजन जास्त, आणि हलक्या मालात काही नसतं. वर लिहिलेल्या वॅटवर विश्वास ठेवू नये हे मला कळत होतं. हातावर ठेवावा की नाही, हे कधी मनातही आलं नाही.

तुझ्याकडे जो बसवला तो असाच घेतला होता. पाचशे वॅट लिहिलेला, नाव कधी न ऐकलेलं. हातात मस्त जड लागला. दहा नग उचलले. एक तुझ्याकडे लावला, समीक्षा शेजारी पाट घेऊन बसली होती, तिच्याही हातात दिला. बघ, म्हटलं, असा लागला पाहिजे.

पुढचं तुला सांगायला नको. गौरी-गणपती जाऊन चार दिवस झाले होते, क्षिप्रा घटक चाचणीचे पेपर टाइप करत होती. मोठा आवाज झाला, कॅबिनेटच्या मागून जाळ आला, पडदा पेटला, आणि तिने धावत जाऊन प्लग ओढला. वितळलेलं प्लास्टिक उजव्या तळहाताला चिकटलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तुझे सासरे, तुझ्या सोसायटीचे दोघं आणि आपली शालूआत्या उभी असताना मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. "घरचं अर्थिंगच धड नसेल तर माझा माल काय करणार?" त्या घराची एक-एक वायर तू स्वतः ओढली होतीस.

तेव्हा मी घाबरून बोललो, हे एक वेळ म्हणता येईल. त्यानंतरचं म्हणता येत नाही.

तिसऱ्या दिवशी जळका कॅबिनेट दुकानात आणून मी पॉवर सप्लाय उघडला. चार स्क्रू. आत पत्र्याला चिकटवलेला सिमेंटचा गठ्ठा, लाडूएवढा. वजन भरावं म्हणून. बाहेर काही बिघडलं की आतून आपोआप बंद व्हायला जे भाग लागतात, त्यांच्या जागी नुसती भोकं. कोणी तरी नीट विचार करून बनवलं होतं ते, आपल्यासारखी माणसं हातात घेऊन बघतात हे माहीत असलेल्या कोणी तरी. मी उरलेले उघडले. सगळ्यांत गठ्ठा.

त्याच संध्याकाळी तू फोन केलास. "दादा, तो पॉवर सप्लाय उघडून बघितलास का रे?" आणि मी म्हणालो, "बघितला. ठीक होता." गठ्ठा माझ्या समोर टेबलावर होता. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. आपलं शेवटचं बोलणं ते.

तुला सगळंच सांगायचं ठरवलंय तर हेही ऐक. पुढच्या आठवड्यात ज्या सहा गिऱ्हाइकांना ते पॉवर सप्लाय दिले होते, त्या सगळ्यांच्या घरी जाऊन मी बदलून दिले. कंपनीने परत मागवलेत, अशी थाप मारली. एका म्हाताऱ्याने चहा पाजला, म्हणाला, तुमच्यासारखा प्रामाणिक दुकानदार बघितला नाही. मी तो चहा प्यायलो. परक्यांच्या घरात आग लागू नये म्हणून धावत गेलो, आणि सख्खा भाऊ स्वतःच्या हाताला दोष देत बसलाय त्याला एक खरं वाक्य सांगितलं नाही. पाटीवर आप्पांचं नाव आहे, ते जाईल, असं मी मनाला समजावत होतो. आप्पा असते तर त्यांनी मला पाटीसकट रस्त्यावर काढलं असतं.

तू गर्विष्ठ झालास असं मी म्हणायचो. खरं तर तू माझ्याकडे येत नव्हतास यात मला सोय होती. आला असतास तर तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. क्षिप्राची दोन बोटं मिटत नाहीत हे मला शालूआत्याकडून कळलं तेव्हा मी म्हणालो, "नशीब." लाज वाटते मला, साईनाथ. इतकी वाटते की हे लिहितानाही मधे उठून पाणी प्यायलो.

तुझं मात्र एक सांगतो, राग आला तरी. तू मला दुसऱ्यांदा विचारायला हवं होतंस. येऊन कॉलर धरायला हवी होतीस, म्हणायला हवं होतंस, दाखव मला. तुला लोड कळतो, वायर कळते, तुला शंका आली होती म्हणून तर फोन केलास. पण थोरल्याने सांगितलं म्हणजे खरं, हे आपल्या घरातलं वळण. त्या वळणाने तुझं लायसन्स खाल्लं. त्याचा फायदा घेतला तो मी.

समीक्षाला यातलं काही सांगितलेलं नाही. फक्त म्हटलं, वजनावरून काही कळत नाही गं, मी चुकीचं शिकवलं होतं. ती म्हणाली, "मग कशावरून कळतं?" मी तिला वॉरंटी, वायरींची जाडी, कोणी उघडून तपासून लिहिलेलं असतं ते, सगळं सांगितलं. तिने वहीत उतरवून घेतलं. वजनाची ओळ तिने आधीच कधी तरी लिहून ठेवली होती, ती खोडली.

सोबत एक डबी आहे. त्यात तो गठ्ठा आहे, तुझ्या घरच्या पॉवर सप्लायमधला, एका बाजूने काळा झालेला. ज्या खणात माझे स्क्रूड्रायव्हर असतात त्याच खणात तो इतकी वर्षं होता. रोज हाताला लागायचा. आता तुझ्याकडे ठेव. तुझ्या सासऱ्यांना दाखव, सोसायटीत दाखव, शालूआत्याला मी स्वतः जाऊन सांगेन. क्षिप्राला पत्र वाचायला दे. तिची माफी मी दारात येऊन मागेन. तिने दार उघडलं नाही तर परत येईन घरी, तोही तिचा हक्क आहे. तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, म्हणून.

समीक्षाचा कॉम्प्युटर जोडून झालाय. दुकानात सात तास चालवून बघितला, साधा पंखासुद्धा कुरकुरला नाही. तो कल्याणला पाठवू नकोस. तुझ्या हॉलमध्ये खिडकीखाली जो सॉकेट आहे, ज्याची वायर तू स्वतः ओढलीस, त्याला लाव. पहिला स्विच तू दाब. काही होणार नाही. तेव्हाही तुझ्या वायरीने काही झालं नव्हतं.

तुझ्या कामाला खोटा डाग लावणारा,
गुरुदत्त